शाल लाल निघू नये म्हणून

रंगांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. हे मी गर्वाने म्हणत नाही, पोटापाण्याचा मुद्दा म्हणून म्हणतो. गेली बावीस वर्षं मी एका रंगाच्या कंपनीत शेडकार्ड विभागात आहे. तुम्ही घराला रंग द्यायला काढता तेव्हा दुकानदार तुमच्या हातात पंख्यासारखं उलगडणारं एक कार्ड ठेवतो. त्यात रंगांचे एक हजार एकशे अठ्ठेचाळीस चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात एक नाव असतं. ती नावं आभाळातून पडत नाहीत, मी ठेवतो. ‘ओली वीट’ माझी. ‘जुनं पत्र’ माझं. ‘दुसरी साय’ हे नाव साहेबांनी तीनदा परत पाठवलं होतं, पण मी हटलो नाही आणि आज निम्म्या शहराच्या बेडरूम दुसऱ्या सायीच्या आहेत. एवढं असूनही आमच्या घरात रंगाचा विषय निघाला की माझं मत कुणी विचारत नाही. कारण आमच्या घरात सर राहतात.

सर म्हणजे माझे सासरे. पण त्याआधी ते माझे ड्रॉइंगचे सर होते, आणि सगळा घोळ तिथेच आहे. आठवीच्या वार्षिक परीक्षेत त्यांनी मला पंचवीसपैकी अकरा मार्क दिले. पुढे बारा-तेरा वर्षांनी त्यांनी मला मुलगीही दिली, पण मार्क वाढवले नाहीत. ‘आता तरी बाबा म्हणा’ असं बायको लग्नापासून सांगतेय. माझ्या तोंडून ‘सर’च निघतं, आणि निघताना मी नकळत उभा राहतो.

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर सरांनी काढलेलं एक चित्र आहे. नदीकाठ, बर्फाचा चिखल, एक घोडा, घोड्याहून थकलेला एक माणूस, आणि सगळ्यांच्या पुढे पाठमोरी उभी असलेली एक बाई. ती तराफ्याची वाट बघतेय. तिच्या अंगावर शाल आहे आणि ती शाल लाल आहे. माझ्या कार्डात बघाल तर क्रमांक दोनशे चार, ‘पिकली मिरची’. सरांनी हे चित्र चौतिसाव्या वर्षी काढलं, रशियन चित्रांच्या एका जुन्या पुस्तकातल्या फोटोवरून. फोटो काळापांढरा होता. म्हणजे रेघा त्या रशियन चित्रकाराच्या, पण रंग सगळे सरांच्या मनातले. मोठ्या उमेदीने त्यांनी ते एका स्पर्धेला पाठवलं. महिन्याभराने ते परत आलं. मागच्या बाजूला परीक्षकांपैकी कुणीतरी निळ्या पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : नक्कल.

त्याला चाळीस वर्षं झाली. सरांनी त्यानंतर एकही चित्र काढलं नाही. शाळेत फळ्यावर सुरई, चेंडू, आणि वरच्या वर्गांना सुरईशेजारी चेंडू, एवढंच ते निवृत्त होईपर्यंत काढत राहिले. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मात्र ते चित्राकडे बोट दाखवून ऐकवतात, “रंग माझे आहेत.” पाहुणा “हो का? वा!” म्हणतो आणि बिस्कीट उचलतो.

तर बुधवारी सकाळी बायको पेपर वाचत होती. शहरातल्या म्युझियममध्ये रशियन वास्तववादी चित्रांचं प्रदर्शन लागलंय, रविवारी संपणार, अशी बातमी होती आणि खाली चित्रांची यादी. यादीत चौदावं नाव होतं ‘तराफ्याच्या प्रतीक्षेत’.

“बाबा!” ती एवढ्या जोरात ओरडली की सरांच्या हातातला कप बशीवर आपटला. “तुमची बाई आलीय!”

आमच्या खिडक्या उघड्या असतात. दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात हजर झाल्या, सरांची कोण बाई आलीय ते बघायला. त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर उतरले. हे टपाल खात्यातून निवृत्त होऊन आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले आहेत आणि दोन्ही कामं एकाच पद्धतीने करतात, म्हणजे आलेली गोष्ट उघडून न बघता पुढे ढकलतात. पण सल्ला मात्र ते तत्परतेने देतात.

“रशियन चित्रं भिंतीएवढी असतात,” पोस्टमास्तर म्हणाले. “मान वर करून करून आखडते. आधी मान शेकून जा.”

“आणि पोटभर खाऊन जा,” काकू म्हणाल्या. “सगळी गरिबांची चित्रं असतात म्हणे. उपाशीपोटी बघवत नाहीत.”

“शाल लालच निघणार बघा, सर!” पोस्टमास्तरांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. “तुमचा अंदाज चुकायचा नाही.”

“लालच निघू दे,” काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

मंडळी गेल्यावर सरांनी मला गॅलरीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

“लाल निघाली तर रे?” ते म्हणाले.

“तर काय सर, तुमचा विजय!”

“गाढवा,” सर म्हणाले. आठवीनंतर हा शब्द मी प्रथमच ऐकत होतो, कारण लग्नानंतर ते मला नुसतं ‘शहाणे’ म्हणतात. “लाल निघाली तर मी मेलोच की! म्हणजे तो निळ्या पेन्सिलवाला खरा ठरला. न बघतासुद्धा मी नक्कलच केली. अरे, हिरवी निघू दे, जांभळी निघू दे, काहीही निघू दे. लाल नाही निघाली तरच लाल माझी. चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय रंग माझे, आणि चाळीस वर्षं मला स्वतःला ठाऊक नाही माझे आहेत की नाहीत.”

मग ते म्हणाले, “हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या बायकोलासुद्धा नाही,” आणि आत जाऊन अंघोळीला गेले.

त्यामुळे पुढचे दोन दिवस सगळी इमारत लाल रंगासाठी शुभेच्छा देत होती आणि सर त्या मुकाट्याने घेत होते. जिन्यात भेटेल तो ‘लालच!’ म्हणून मूठ वर करायचा. बायकोने तर मुद्दाम लाल साडी काढून ठेवली.

आता साधी गोष्ट. जायचं, बघायचं, यायचं. पण सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डाव्याचं व्हायचंय. “डाव्याला सगळं पिवळट दिसतं, उजव्याला निळसर,” ते म्हणाले. “सकाळचं दूध एका डोळ्याने बघितलं तर गाईचं वाटतं आणि दुसऱ्याने म्हशीचं. या डोळ्यांवर मी निकाल सोडणार नाही.”

“मी बघतो ना, सर. माझा धंदाच आहे तो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. अकरा मार्कांची ती नजर मी ओळखतो. शेवटी असं ठरलं की माझं शेडकार्ड न्यायचं. कार्डाचा चौकोन शालीशेजारी धरायचा आणि त्याच डोळ्याने दोन्ही बघायचं. डोळा पिवळट असला तर दोन्ही पिवळट दिसतील, जुळतंय की नाही ते कळेलच. ही माझी कल्पना होती आणि ती सरांनी मान्य केली. मी दिवसभर ऑफिसात शीळ घालत होतो.

गुरुवारी दुपारी रजा टाकून आम्ही दोघं म्युझियमच्या दारात उभे राहिलो. दारावर एक मिशीवाले सिक्युरिटीचे गृहस्थ होते. त्यांनी माझी पिशवी उघडली.

“हे काय?”

“शेडकार्ड.”

“यात काय असतं?”

“रंग,” मी म्हणालो. इथे मी चुकलो. ‘कागद’ म्हणायला हवं होतं. पण बावीस वर्षांचा अभिमान आड आला.

“रंग आत न्यायला मनाई आहे.”

“अहो, हे सुकलेले रंग आहेत!”

“आतली चित्रंपण सुकलेलीच आहेत,” मिशीवाले म्हणाले. “कार्ड इथे ठेवा नि आत जा.”

“कार्डाशिवाय मी जाणार नाही,” सर म्हणाले आणि दाराशेजारच्या बाकावर बसले. आमच्या मागे रांग लागली. रांगेतल्या एका बाईंनी सरांना चक्कर आली असं समजून वारा घालायला सुरुवात केली, तीही माझ्याच शेडकार्डाने. मिशीवाल्यांना दया आली असावी. त्यांनी सांगितलं की चित्रांच्या नकला करणाऱ्यांना रंग नेता येतात, त्याचा परवाना तळघरात मिळतो.

‘नकला’ हा शब्द ऐकून सरांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. मी एकटाच तळघरात उतरलो.

तिथे एका लांबट खोलीत, दोन कपाटांच्या मध्ये, चष्मा साखळीला लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. पाटी होती ‘प्रतिकृती विभाग’. विभागात त्या एकट्याच होत्या. मी म्हटलं, मला नक्कल वगैरे करायची नाही, नुसतं कार्ड शालीशेजारी धरायचंय.

“धरण्याचा परवाना नाही,” बाई म्हणाल्या. “नक्कल करण्याचा आहे. त्याला सात दिवस लागतात.”

“प्रदर्शन रविवारी संपतंय.”

“मग विद्यार्थी म्हणून अर्ज करा. तो दुसऱ्या दिवशी मिळतो.”

“मी बावन्न वर्षांचा आहे.”

“वयाची अट नाही. गुरूंच्या पत्राची आहे.” त्यांनी नियमांचा कागद पुढे केला. नियम अकरा होते, आणि हा आकडा मला आयुष्यभर सोडणार नाही असं तेव्हाच वाटलं. तेलरंग चालणार नाहीत, जलरंग चालतील, पाणी आणता येणार नाही. विद्यार्थ्याने स्वतःचं चित्र ठेवण्याचं स्टँड आणावं. मार्गदर्शकाने सोबत यावं पण कामाला हात लावू नये. काम दाखवल्याशिवाय आणि त्यावर ‘नक्कल’ असा शिक्का मारून घेतल्याशिवाय इमारतीबाहेर पडता येणार नाही.

“पाण्याशिवाय जलरंग कसे लावायचे?” मी विचारलं.

“तो कलेचा प्रश्न झाला,” बाई म्हणाल्या. “मी प्रशासनात आहे.”

संध्याकाळी घरी गुरूंच्या पत्राचा समारंभ झाला. बायकोने कागद आणि पेन आणून ठेवलं. मजकूर मी सुचवला : ‘सदर विद्यार्थी होतकरू व गुणी असून...’

“खोटं लिहिणार नाही,” सर म्हणाले.

“अहो बाबा, तुमच्याच बाईसाठी चाललंय ना?” बायको म्हणाली. “लिहा की चार बरे शब्द. तुमचे जावई आहेत ते.”

“जावई म्हणून लिहायचं तर वेगळं पत्र देतो.” मग सरांनी आपल्या सुंदर अक्षरात दोन वाक्यं लिहिली : ‘सदर विद्यार्थी माझा आहे. प्रयत्न करतो.’ शुक्रवारी साखळीवाल्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि एवढं प्रामाणिक शिफारसपत्र या विभागात पूर्वी आलेलं नाही असं सांगून परवान्यावर माझं नाव लिहिलं. मला राग यावा की आनंद व्हावा, मी ठरवू शकलो नाही.

राहिलं स्टँड. पोस्टमास्तर म्हणाले, विकत कशाला आणता, सोसायटीच्या नोटीस बोर्डाचं तीन पायांचं स्टँड आहे, ते न्या, फक्त सोमवारी परत द्या, आणि त्यांनी माझ्याकडून पोच लिहून घेतली. शनिवारी सकाळी ते धूड खांद्यावर घेऊन मी रस्त्याने निघालो. मागे सर, रंगांची पेटी छातीशी धरून. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, “काय साहेब, फोटो स्टुडिओ टाकला का?” मी प्रतिष्ठेने मान हलवली. ती ‘हो’ अशी हलली की ‘नाही’ अशी, मला सांगता येणार नाही, पण तेव्हापासून तीन जणांनी पासपोर्ट फोटोबद्दल विचारलंय.

मिशीवाल्यांनी परवाना उलटसुलट बघितला, विद्यार्थी कोण ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि आम्हाला आत सोडलं.

चौदा नंबरचं चित्र शेवटच्या दालनात होतं. तिथपर्यंत जाताना दोन्ही बाजूंना काय काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. दाढीवाले शेतकरी होते, एक कोर्टातला देखावा होता, एका मोठ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली माणसं होती आणि त्यातलं कुणीच जेवत नव्हतं. काकू बरोबर होत्या, खाऊन यायला हवं होतं. सर मात्र कुठेच बघत नव्हते. शेवटच्या दालनाच्या दारात ते थांबले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“तू आधी बघ,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही...”

“बघ म्हणतो ना!”

मी आत गेलो. लाल दोरीच्या पलीकडे ती नदी होती. बर्फाचा चिखल होता, घोडा होता, थकलेला माणूस होता. बाई होती. मी कार्ड उलगडलं आणि दोरीवरून हात लांब केला. कोपऱ्यात स्टुलावर निळ्या कोटातल्या एक रखवालदार बाई बसल्या होत्या, त्यांनी ‘हातभरच हं’ असं बजावलं. मी हातभरावरून एकेक चौकोन लावून बघितला. हे काम मला येतं. जगात हे एकच काम मला येतं. चूक होणं शक्य नव्हतं.

क्रमांक सातशे बारा. ‘शांत राख’.

हा रंगसुद्धा माझाच. बावीस वर्षांत तो एकाच गिऱ्हाइकाने घेतला आणि आठवड्यात बदलून मागितला, कारण घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. विक्री विभाग तो कार्डातून काढा म्हणून दोनदा मागे लागला होता. आणि इथे तो एका जाड शालीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पसरलेला होता.

मी जाऊन सरांना हाताला धरून आणलं. त्यांनी डावा डोळा झाकून शालीकडे आणि कार्डाकडे बघितलं. मग उजवा झाकून बघितलं.

“राखाडी?” ते हळूच म्हणाले.

“राखाडी, सर. सातशे बारा.”

“लालाची छटा? कुठे कडेला? घडीत?”

“अजिबात नाही.”

सर खाली बसायला लागले. रखवालदार बाईंनी पटकन आपलं स्टूल सरकवलं. ते बसले आणि चाळीस वर्षांनी भेटलेल्या त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून, पिवळट आणि निळसर, पाणी वाहत होतं.

“माझे होते रे,” ते म्हणाले. “रंग माझे होते.”

वाटलं, झालं, आता यांना घेऊन घरी जावं. पण नियम क्रमांक नऊ आड आला : काम दाखवल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. म्हणून मी स्टँड उभं केलं, कागद लावला आणि घोड्यापासून सुरुवात केली.

पाण्याचा प्रश्न रखवालदार बाईंनी सोडवला. त्यांनी आपल्या बाटलीचं झाकण भरून दिलं आणि म्हणाल्या, हे पाणी मी आणलंय, तुम्ही आणलेलं नाही. घोड्याचा प्रश्न मात्र कुणालाच सोडवता आला नाही. माझ्यामागे सात-आठ माणसं जमली. एकाने दुसऱ्याला विचारलं, “ते टेबल कुठे आहे वरच्या चित्रात?” दुसरा म्हणाला, “कोर्टाच्या चित्रातलं असेल.” मी मान वळवली नाही. कान किती गरम होतात याचा रंग कार्डात नाही, पण पुढच्या आवृत्तीत घालणार आहे.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. आमच्या स्टँडच्या फळीच्या मागच्या बाजूला सोसायटीची जुनी पाटी रंगवलेली होती, ‘लिफ्ट बंद आहे’. ती दालनात शिरणाऱ्यांना अगदी समोर दिसत होती. वरच्या मजल्यावर जायला निघालेले अर्धे लोक तिथूनच वळून जिन्याकडे जात होते. एक आजीबाई दोन मजले चढून परत आल्या होत्या आणि लिफ्टचालक सगळ्यांना ओरडून सांगत होता की लिफ्ट सुरू आहे, सकाळपासून सुरू आहे. मी स्टँड भिंतीकडे फिरवायला गेलो तर कागद सुटला. मी कागद धरला तर झाकण कलंडलं आणि सगळं पाणी नदीच्या जागी सांडलं.

“बाजूला हो,” सर म्हणाले.

“सर, मार्गदर्शकाने हात...”

“बाजूला हो, गाढवा!”

मी रखवालदार बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “मला भिंतीवरच्या चित्रांवर नजर ठेवायला सांगितलंय. खालच्या चित्रांचं कुणी काही बोललेलं नाही.” आणि त्यांनी आणखी एक झाकण भरून दिलं.

सर उभे राहिले. सांडलेल्या पाण्यातच त्यांनी कुंचला फिरवला आणि नदी वाहायला लागली. मी शाळेत त्यांना सुरई काढताना शेकडो वेळा बघितलं होतं, पण हे बघितलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस घाईघाईने, ओठ चावत, मध्येच हसत चित्र काढत होता. समोरच्या चित्राकडे तर तो बघतही नव्हता. थकलेला माणूस त्यांनी घेतलाच नाही. लांब पाण्यावर येणारा तराफा काढला, जो मूळ चित्रात कुठेच नाही. माझा घोडा तेवढा तसाच ठेवला. आणि शेवटी पेटीतला लाल घेऊन बाईच्या खांद्यांवर शाल घातली.

“अहो, ती राखाडी आहे,” रखवालदार बाई म्हणाल्या. “मी तीन आठवडे बघतेय.”

“त्यांची राखाडी,” सर म्हणाले. “माझी लाल.”

आम्ही तळघरात उतरलो. साखळीवाल्या बाईंनी चष्मा चढवला, चित्र बघितलं, चित्राचा छापील फोटो बघितला, पुन्हा चित्र बघितलं. ‘नक्कल’चा शिक्का त्यांच्या हातात होता, तो त्यांनी परत डबीत ठेवला.

“याच्यावर शिक्का मारता येणार नाही. हे जुळत नाही.”

आता दारावर मिशीवाले होते, शिक्क्याशिवाय ते सोडणार नव्हते, आणि मला सोमवारी पोस्टमास्तरांना स्टँड परत करायचं होतं. मी हातघाईवर आलो.

“जुळत कसं नाही? नदी बघा. चिखल बघा, चिखल तर हुबेहूब आहे! बाई पाठमोरी आहे ना? अहो, नक्कलच आहे ही, शंभर टक्के नक्कल आहे!”

मागून कुणीतरी माझं कोपर जोरात चिमटत होतं. माझं लक्ष नव्हतं.

“शाल वेगळी. तराफा जास्त. एक माणूस कमी,” बाई म्हणाल्या. “आणि हे टेबल कुठलं?”

“तो घोडा आहे,” मी म्हणालो.

“मी तीस वर्षं नकला तपासतेय. ही नक्कल नाही.”

“बाई,” सर पुढे आले. “पुन्हा म्हणा.”

“ही नक्कल नाही.”

“लिहून द्याल?”

“द्यावंच लागेल, नाहीतर दारावर सोडणार नाहीत.” त्यांनी दुसऱ्या कपाटातून दुसरा फॉर्म काढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचला : “प्रमाणित करण्यात येते की सोबतचे चित्र संग्रहातील कोणत्याही चित्राची नक्कल नसून मूळ कलाकृती आहे. चित्रकार...” आणि परवान्यावर बघून त्यांनी माझं नाव लिहिलं.

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्या पायावर पाय दिला. खरं सांगितलं असतं तर मार्गदर्शकाने कामाला हात लावल्याचं निघालं असतं आणि चित्र तिथेच राहिलं असतं. मी तोंड मिटलं. बाईंनी खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून सरांची सही घेतली, गोल शिक्का मारला आणि माझं अभिनंदन केलं. ‘प्रयत्न दिसतो’ असं त्या म्हणाल्या.

बसमध्ये मला राहवेना. “सर, तुमचं नाव यायला हवं होतं त्यावर.”

“मला नाव नको होतं रे,” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मला ते वाक्य हवं होतं.”

घरी आल्या आल्या त्यांनी सोफ्यावर चढून जुनं चित्र उतरवलं आणि उलटं केलं. निळी पेन्सिल बायकोने शोधून दिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या ‘नक्कल’पुढे सरांनी तशाच निळ्या अक्षरात लिहिलं : ‘नाही.’ मग चित्र पुन्हा भिंतीवर लावलं, पाठ बाहेर करून. बायकोने चित्राकडे बघितलं, मग वडिलांकडे बघितलं, आणि ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी पोस्टमास्तर आणि काकू निकाल ऐकायला आले.

“सर, चित्र उलटं लागलंय,” पोस्टमास्तर म्हणाले.

“बरोबर लागलंय. वाचा.”

“पण शाल लाल निघाली ना?” काकूंनी विचारलं.

“राखाडी!” सर आनंदाने ओरडले. “शुद्ध राखाडी!”

काकूंचा चेहरा पडला. “अगंबाई! मनाला लावून घेऊ नका हो,” असं म्हणत त्यांनी सरांची समजूत घालायला घेतली, आणि सर हसत हसत दोनदोन बिस्किटं त्यांच्या हातात ठेवत राहिले.

नवं चित्र प्रमाणपत्रासकट आता शेजारच्या भिंतीवर आहे. येणारा पाहुणा प्रमाणपत्र वाचतो आणि माझ्याकडे नव्या आदराने बघतो. पहिल्याच रविवारी सर या नव्या चित्रासमोर उभे राहिले, खिशातून लाल पेन काढलं आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. पंचवीसपैकी बारा.

“सर! हे तुम्ही काढलंय!”

“हो. पण नाव कुणाचं आहे?”

“आणि अकराचे बारा कशाने झाले?”

सरांनी पेनाचं टोक घोड्याकडे रोखलं. मग म्हणाले, “घोडा तुझा आहे. तसा घोडा कुणी कुठे बघितलेला नाही. त्याचा एक.”

“थँक यू, सर,” मी म्हणालो. उभाच होतो, पण आणखी थोडा ताठ उभा राहिलो.